सातमाळ्याच्या धारेवरून मनमाडकडे: मित्रांसोबत क्रॉस-कंट्री पॅराग्लायडिंगचा एक दिवस

मार्च उजाडला की नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-वणी पट्ट्यात दोन प्रकारची माणसं दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघतात. द्राक्षं उतरवायची राहिलेला बागाईतदार आणि पॅराग्लायडर बाळगणारा. आमच्या चौघांच्या गटात दोन्ही आहेत. द्राक्षबाग असलेला मित्र उडत नाही, तो गाडी चालवतो. तरीही आमच्यात हवामान सगळ्यात चांगलं त्यालाच कळतं, कारण कुठली जमीन कधी तापते हे त्याच्या पायांना माहीत आहे. हा लेख बराचसा त्याच्याकडून शिकलेला आहे.

टेकऑफवरून सुटायचं, डोंगरासमोर घिरट्या घालायच्या आणि खालच्या शेतात उतरायचं, हे झालं स्थानिक उड्डाण. क्रॉस-कंट्रीत, म्हणजे बोलीभाषेत एक्ससीत, आपण तो डोंगर सोडतो. इंजिन नसतं. तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेच्या स्तंभात, म्हणजे थर्मलमध्ये, गोल फिरत उंची मिळवायची. ती पुढे जाण्यात खर्च करायची आणि संपायच्या आत पुढचं थर्मल शोधायचं. वणीच्या बाजूने निघून सातमाळा डोंगररांगेच्या कडेने पूर्वेला गेलं, तर चांदवड सरळ रेषेत साधारण ३५ किलोमीटर पडतं आणि मनमाड साठच्या थोडं आत. पहिल्या-दुसऱ्या हंगामातल्या पायलटला वीस किलोमीटरही पुष्कळ आहेत.

आधी एक अट. थर्मलमध्ये वीस-पंचवीस तास काढलेले नसतील, टेकऑफच्या उंचीपेक्षा वर जाऊन तासभर टिकणं जमत नसेल, ग्लायडर एका बाजूने मिटल्यावर काय करायचं याचा पाण्यावर सराव केलेला नसेल, तर अजून वेळ आहे. पुण्याजवळच्या कामशेतला किंवा हिमाचलातल्या बीर-बिलिंगला जाऊन आणखी एक हंगाम शिका. हा लेख वाचून डोंगर सोडू नका.

हंगाम: जमिनीचं वेळापत्रक

पावसाळ्यात प्रश्नच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमिनीत ओल असते, थर्मल मऊ आणि ढगांचा तळ खाली. नवख्यांसाठी ही हवा फार चांगली, पण लांब नेणारी नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी आपल्याला आवडते, थर्मलला आवडत नाही. रात्री जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, वर उबदार हवेचं झाकण राहतं आणि ते फुटायला दुपार होते. सकाळी खोऱ्यात धुराचा आडवा पट्टा अडकून बसलेला दिसला की समजायचं, झाकण घट्ट आहे.

खरा एक्ससीचा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा. ऊन कडक, हवा कोरडी, ढगांचा तळ उंच. त्यानंतर दुपारी घाटाकडून येणारा पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि वळवाचे ढग चढू लागतात. मे महिन्यात आम्ही उडत नाही. उडणारे आहेत, पण त्या महिन्यातली थर्मलं माझ्या अनुभवात फार धारदार असतात, आणि मित्रांबरोबर मोकळेपणाने जावं असा तो महिना वाटत नाही.

आदल्या संध्याकाळी

दिवस चांगला जाणार की नाही, याचा निम्मा निकाल आदल्या रात्री चहाच्या टेबलावर लागतो. तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, वारा. जमिनीवरचा नको, डोंगरधारेच्या उंचीवरचा, म्हणजे समुद्रसपाटीपासून १२०० ते १५०० मीटरवरचा. विंडीसारख्या अ‍ॅपवर उंची बदलून तो दिसतो. सातमाळा पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. मार्च-एप्रिलमध्ये वारा बहुधा पश्चिम किंवा वायव्येचा असतो. पश्चिमेचा हलका वारा आपल्याला धारेच्या लांबीने पुढे नेतो, हे उत्तम. पण वारा वायव्येकडून आणि जोरात असेल, तर धारेची दक्षिण बाजू, म्हणजे आपली बाजू, आडोशाला पडते. डोंगरावरून पलीकडे कोसळणारी हवा तिथे भोवरे करते. म्हणून आमचा नियम साधा आहे: धारेच्या उंचीवर वायव्येचा वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर दिसला की धार सोडायची, किंवा दिवसच सोडायचा.

दुसरी, ढगाचा तळ. याचं गणित कागदावर होतं. दुपारचं कमाल तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्या आणि १२५ ने गुणा. तापमान ३६ अंश आणि दवबिंदू १२ असेल, तर फरक २४, म्हणजे तळ जमिनीपासून साधारण ३००० मीटर. जानेवारीत २८ आणि १२ असेल तर २०००. हा अंदाज आहे. मधे उबदार थर असेल तर थर्मल तिथेच अडकतं, आणि तो थर उंचीनुसार तापमान दाखवणाऱ्या स्क्यू-टी आलेखावर दिसतो. आलेख वाचायला शिकण्यात एक आठवडा जातो. तो घालवा.

तिसरी, पावसाचा धोका. त्यावर पुढे सविस्तर.

मग भूमिका ठरवायच्या. कोण गाडीवर, कोण पुढे, कोण शेवटी. आमच्यात सगळ्यात कमी अनुभवाचा पायलट मधे असतो आणि सगळ्यात जुना शेवटी. मधला दमला तर सगळे उतरतात, हे आधीच बोलून घ्यायचं. हवेत रेडिओवर हे बोलणं अवघड जातं, कारण "मी दमलोय" असं कोणालाच म्हणवत नाही.

आकाशालाही हद्दी असतात

नाशिककरांनी हा भाग दोनदा वाचावा. आपल्या जिल्ह्याचं आकाश रिकामं दिसतं, पण तसं नाही. ओझरला एचएएलचा विमान कारखाना, हवाई दलाचा तळ आणि प्रवासी विमानतळ एकाच धावपट्टीभोवती आहेत. वणीपासून ओझर सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आत येतं. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण चालतं. देवळालीला तोफखान्याचं केंद्र आहे आणि त्याच्या मैदानांवर गोळाबारीचा सराव होतो. तोफेचा गोळा हजारो मीटर वर जाऊन खाली येतो, ही गोष्ट त्या दिशेला बघताना लक्षात ठेवा. आग्नेयेला शिर्डीचा विमानतळ आहे. नाशिक शहरात ड्रोन, पॅराग्लायडर यांना मनाई करणारे पोलीस आदेश वेळोवेळी निघतात, आणि सिंहस्थाच्या काळात तर त्र्यंबक-पंचवटीच्या आसपासचा विचारही करू नये.

म्हणून हवाई हद्दीचा नकाशा फोनवरच्या उड्डाण-अ‍ॅपमध्ये भरा, हद्दीजवळ गेलात की सूचना वाजेल असं ठेवा आणि मार्ग असा आखा की वाऱ्याने बाजूला नेलं तरी ओझरकडे सरकणार नाही. आम्ही धारेच्या दक्षिणेला एक काल्पनिक रेघ मारतो. ती ओलांडायची वेळ आली तर उतरायचं, मग डोक्यावर कितीही सुंदर ढग असो.

टेकऑफचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सातमाळ्यातले बरेच उतार वनखात्याचे आहेत, काही खाजगी, काही देवस्थानाच्या वाटेवर. स्थानिक पायलटबरोबरच जा. वनखातं, ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांना आधी कळवा. गावाला माहीत असलं की अपघातात पहिली मदत गावाकडूनच येते.

पिशवीत काय

ग्लायडर ईएन-बी वर्गाचा, म्हणजे युरोपीय सुरक्षा-चाचणीतल्या ‘बी’ श्रेणीचा, पुरे. त्याहून चपळ पंख मित्रांच्या नादाने घेऊ नका. रिझर्व्ह पॅराशूटची घडी गेल्या सहा ते बारा महिन्यांत उघडून पुन्हा घातलेली हवी. व्हेरिओमीटर (आपण किती वेगाने चढतोय-उतरतोय ते आवाजाने सांगणारं यंत्र), जीपीएस असलेलं उपकरण किंवा फोन, मोठी पॉवरबँक, रेडिओ. रेडिओ परवानामुक्त बँडवरचे घ्या किंवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढा. परदेशी पायलट वापरतात तसे सॅटेलाइट मेसेंजर आपल्याकडे परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, ते कुणी भेट दिलं तरी आणू नका.

पाणी दोन ते तीन लिटर, नळी लावून. एप्रिलमध्येही जाकीट आणि हातमोजे. वर चढणारी कोरडी हवा दर १०० मीटरला जवळजवळ एक अंश गार होते. वणीच्या मैदानात ३६ अंश असताना समुद्रसपाटीपासून ३००० मीटरवर साधारण १३ अंश असतात, आणि वर ग्लायडरच्या वेगाचा, ताशी ३७ किलोमीटरचा वारा अंगावर. बोटं गारठली की ब्रेकची दोरी समजत नाही. अडकलेली दोरी कापायला हुक-नाइफ, शिट्टी, प्रथमोपचाराची पट्टी, थोडे सुटे पैसे, ओळखपत्र. खायला शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर, पोळी-भाजी उतरल्यावर.

टेकऑफवर: उशिरा पोचू नका, घाईही करू नका

साडेनऊपर्यंत वर पोचायचं. ग्लायडर पसरून दोऱ्या मोकळ्या करायच्या, एकमेकांचे हार्नेस तपासायचे. पायांचे पट्टे, छातीचा पट्टा, रिझर्व्हची पिन, हेल्मेट. दुसऱ्याने हात लावून तपासायचं, नुसतं विचारायचं नाही. "पट्टे लावलेस ना?" या प्रश्नाला माणूस सवयीने हो म्हणतो.

मग बघत बसायचं. सुरुवातीला घारी पंख हलवत जातात. दहा-साडेदहाच्या सुमारास एखादी पंख न हलवता गोल घेऊ लागते. उतारावरचं वाळलं गवत थोडा वेळ वर वाकतं, मग शांत होतं, पुन्हा वाकतं. ती थर्मलची नाडी. तिची लय ओळखू आली की उडायची वेळ कळते. झुळूक सुरू होताना सुटायचं. ती ऐन भरात असताना सुटू नये, संपताना तर नाहीच.

समोरून ताशी १० ते २० किलोमीटर वारा चांगला. झोत आणि शांतता यांतला फरक दहाच्या वर गेला, किंवा उतारावर वावटळ फिरताना दिसली, तर थांबा. वावटळ म्हणजे जमिनीपासूनच फाटलेलं जोरदार थर्मल. वरून ती दिसली तर उपयोगी, टेकऑफवर ती आली तर ग्लायडर मुठीत गोळा करून खाली बसायचं.

कड्यांजवळ आणखी दोन सावधगिरी. सातमाळ्याच्या कातळात आग्या मोहोळं लटकलेली असतात, ओव्हरहँगच्या, म्हणजे पुढे झुकलेल्या कातळाच्या, तोंडाशी जाऊ नका. आणि गिधाडांची घरटी असलेल्या कड्यांपासून लांब राहा. अंजनेरीचं क्षेत्र संवर्धन राखीव आहे ते याचसाठीही. तिथल्या कड्यालगत ग्लायडर नेणं म्हणजे पिलं असलेल्या घरात शिरणं. थर्मलमध्ये गिधाड स्वतःहून सोबतीला आलं तर गोष्ट वेगळी, तो त्या दिवसाचा प्रसाद.

एका थर्मलमध्ये तिघं

पहिला ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने सगळे. आत येणाऱ्याने बाहेरून मोठं वळण घेऊन यायचं, मध्यावर झेपावायचं नाही. शक्यतो समोरच्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला राहायचं, म्हणजे दोघं एकमेकांना दिसतात. खालचा भरभर चढत असेल तर वरच्याने त्याला जागा करून द्यायची, कारण खालच्याला डोक्यावरच्या पंखामुळे वर दिसत नाही. धारेवर समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याचा हक्क, दुसऱ्याने दरीकडे वळायचं.

व्हेरिओ वाजला की लगेच वळू नका. तीन सेकंद मोजा. आवाज टिकला तरच वळा. एक फेरी पंधरा ते वीस सेकंदांची असते. प्रत्येक फेरीत कुठल्या बाजूला आवाज चढतो ते लक्षात ठेवून वर्तुळ तिकडे सरकवायचं. सोबत असण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. एकट्याला थर्मलचा एकच बिंदू कळतो. तिघं फिरत असले की कोण वर जातोय ते डोळ्यांना दिसतं आणि गाभा आपोआप उलगडतो.

डोंगर सोडताना

इथे बहुतेकांचं मन कच्चं होतं, आणि तेच बरोबर आहे. खाली ओळखीची शेतं असतात, समोर अनोळखी. मन नको म्हणतं तेव्हा गणित करायचं.

धरा, जमिनीपासून १५०० मीटर वर आहोत. ग्लायडर एक मीटर उतरताना आठ मीटर पुढे जातो. शांत हवेत १२ किलोमीटर. मागून १५ किलोमीटरचा वारा असेल तर ताशी ३७ चा पंख जमिनीवर ५२ ने सरकतो आणि तेच अंतर जवळपास १७ किलोमीटर होतं. समोरून तेवढाच वारा असेल तर सात. म्हणून नवख्यांनी वाऱ्याबरोबर जावं, परत यायचा त्रिकोण नंतर. आता दुसरा हिशोब. सेकंदाला २ मीटरने चढत १००० मीटर मिळवायला आठ-साडेआठ मिनिटं लागतात, ती खर्च करत ८ किलोमीटर जायला तेरा. म्हणजे वारा नसताना ताशी २२ च्या आसपास सरासरी. चांदवडपर्यंतचे ३५ किलोमीटर म्हणजे दीड-दोन तासांचं काम. हा आकडा डोक्यात असला की दुपारी एकला निघून कुठे पोचू, ते कळतं.

निघायचं ते सगळे वर आल्यावर. ढगाच्या तळापासून १५०-२०० मीटर खालीच थर्मल सोडायचं. तळाशी उचल वाढते, ढगात शिरलात की दिशा जाते आणि मित्र तिथेच असतो.

सरकताना एकामागे एक जाऊ नका. आडव्या ओळीत, दोघांत शंभर-दोनशे मीटर ठेवून, शेत नांगरल्यासारखं आकाश विंचरत जायचं. ज्याला उचल मिळाली तो वळतो, बाकीचे त्याच्याकडे येतात. ज्याच्या खाली हवा बसते आहे त्याने स्पीडबार, म्हणजे वेग वाढवायची पायाखालची दांडी, दाबून तिथून लवकर बाहेर पडायचं.

कांदा, द्राक्ष, धरण: खालची पाटी वाचणं

ढग नसलेल्या निळ्या दिवशी थर्मलचा पत्ता फक्त जमीन सांगते. नाशिकसारखी स्पष्ट अक्षरात लिहिणारी जमीन मी दुसरी पाहिलेली नाही.

पाणी आणि ओल म्हणजे थंडावा. ओझरखेड, करंजवण, पुणेगाव, वाघाड या धरणांच्या पाण्यावरून उचल मिळण्याची आशा नको. पण धरणाचा वाऱ्याखालचा, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडचा, काठ बघा. पाण्यावरून आलेली गार हवा तापलेल्या मुरमाला भिडते आणि तिथली गरम हवा उचलून देते. पाण्यावरच्या लहरींवरून वाऱ्याची दिशाही कळते: ज्या काठाशी पाणी शांत, तिकडून वारा.

निफाडच्या बाजूला सरकलात तर उसाचे हिरवे पट्टे आणि पुढे नांदूर मध्यमेश्वरचं पाणी. रामसर, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेली ही जागा पक्ष्यांची आहे, ग्लायडरची नाही. तिथे उचलही नसते आणि थव्यांना त्रास होतो.

द्राक्षबाग फसवी असते. मार्चमध्ये पानांचा मांडव गच्च, खाली ठिबकची ओल, तिच्यावर थर्मल कमजोर. पण माल उतरून एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की तीच बाग उघडी काड्यांची होते आणि मधली जमीन तापायला लागते. पंधरा दिवसांत एकाच गावाचं आकाश बदलतं. हे मला आमच्या बागाईतदार मित्राने सांगितलं. तोवर मी तीन हंगाम त्याच बागांना शिव्या देत होतो.

उन्हाळ कांदा काढलेलं रान, वाळलेली नांगरट, हरभरा-गहू निघालेली शेतं ही चांगली. ओली काळी माती नको, भेगा पडलेली काळी माती हवी. सगळ्यात खात्रीच्या जागा कडेच्या: जिथे हिरवं संपून माळ सुरू होतो, नाल्याचा काठ, झाडांची रांग, खडी क्रशरची पांढरी खाण, गावातल्या पत्र्यांचा आणि कांदाचाळींचा पुंजका. तापलेली हवा जमिनीला चिकटून बसलेली असते, तिला सुटायला काहीतरी धक्का लागतो. चालता ट्रॅक्टरही तेवढा पुरतो. वारा असेल तर थर्मल तिरकं होऊन वाऱ्याबरोबर झुकतं, म्हणून शोध जागेच्या थोडा वाऱ्याखाली घ्यायचा.

डोंगराकडून जायचं तर मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचन, मग राजधेर-इंद्राई आणि चांदवड अशी वाट. दुपारी दक्षिणेला तोंड करून असलेले कातळकडे तव्यासारखे तापतात. दक्षिणेला उतरणाऱ्या सोंडांची पश्चिमेकडची अंगं चांगली, पूर्वेकडची आडोशाची. १४७२ मीटर उंचीचा धोडप त्याच्या पिंडीसारख्या माथ्यामुळे आणि खाच पडलेल्या भिंतीमुळे दुरूनच ओळखू येतो. त्याच्यापाशी पोचाल तेव्हा माथ्याच्या वर असा, किंवा दक्षिणेला भरपूर लांब. एका वर्षी मी रवळ्या-जवळ्याच्या पूर्व अंगाला माथ्याच्या खाली घुसलो. ग्लायडरची उजवी बाजू मिटली, मी वळू लागलो, तेवढ्यात १५० मीटर गेले. शिकवलेलं तेवढं आठवलं: वजन उघड्या बाजूला, आधी दिशा, मग मिटलेली बाजू हलक्या ब्रेकने उघडायची. त्या दिवशी मी पहिल्या मोकळ्या शेतात उतरलो आणि बाकीचे दोघं माझ्या डोक्यावर चकरा मारत, मी हात हलवेपर्यंत थांबले.

खिंडी ओलांडताना उंची जास्त ठेवा. सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये ज्या परिसरात दाऊदखानाच्या फौजेला तोंड दिलं, ती कांचनबारी याच रांगेत आहे. डोंगरातली सोपी वाट फौजेसाठी तशी वाऱ्यासाठीही. खिंडीत वारा चेपला जाऊन वेगाने पळतो. खाली सापडलात तर पुढे सरकणं थांबतं आणि ग्लायडर मागे जाऊ लागतो.

चांदवड ओलांडलं की मुंबई-आग्रा महामार्ग मागे पडतो आणि अनकाई-टनकाई किल्ल्यांची जोडी व हडबीची शेंडी या सुळक्याचा अंगठा दिसू लागतो. पहिल्यांदा तो अंगठा वरून दिसला तेव्हा रेडिओवर कोणी काहीच बोललं नाही.

ढग उंच व्हायला लागला तर

नाशिकच्या शेतकऱ्याला गारपीट सांगावी लागत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट ज्या बागांनी पाहिली, त्या घरांत अजून बोलली जाते. तोच ढग पायलटला गिळतो. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात मनिलाजवळ एवा विस्निएर्स्का या जर्मन पायलटला वादळी ढगाने ९९०० मीटरच्या वर ओढून नेलं. ती बेशुद्ध अवस्थेत उडत राहिली आणि वाचली. त्याच ढगात सापडलेला चिनी पायलट ह झोंगपिन वाचला नाही. दोघंही जागतिक दर्जाचे होते.

म्हणून खूण सोपी ठेवा. ढग रुंदीपेक्षा उंच झाला की उतरायचं. तळ काळवंडला, दूरवर पावसाचा पडदा दिसला, उचल सगळीकडे एकसारखी आणि न फिरताही चढायला लागलो, तर वाट बघायची नाही. ढग वीस-पंचवीस किलोमीटर दूर असला तरी त्याच्यातून सुटलेला गार वारा धुळीची भिंत घेऊन आधी पोचतो. ढगापासून बाजूला पळायचं, पंखाचे कान, म्हणजे दोन्ही टोकं, मिटून स्पीडबार दाबायचा आणि वारा यायच्या आत जमिनीवर. गाडीवरच्या मित्राला हे खालून आधी दिसतं. त्याने रेडिओवर "उतरा" म्हटलं की आमच्यात चर्चा होत नाही.

उतरायची जागा आधी, थर्मल नंतर

जमिनीपासून ३०० मीटरवर आलात की उतरायचं शेत पक्कं झालेलं हवं. त्याच्या आवाक्यात राहून उचल शोधा, मिळाली तर नशीब. १५० मीटरच्या खाली शोध बंद.

काढणी झालेलं कांद्याचं किंवा गव्हाचं रान, मोकळा माळ. ते सापडलं की आधी तारा. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. आपल्याकडे प्रत्येक विहिरीला वीज असते, म्हणून विहीर किंवा डीपी दिसली की तिच्याकडे कुठूनतरी तार येतेय असंच धरा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडून निघालेल्या उच्चदाबाच्या मनोऱ्यांपासून तर पाव किलोमीटर लांब.

द्राक्षबागेत कधीच नाही. लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा माणसाला भोसकतात. शेडनेट आणि पॉलिहाउसही नको. आणि शेततळं. याच्याबद्दल बाहेरची पुस्तकं काही सांगत नाहीत. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याचे उतार इतके निसरडे असतात की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. वर अंगावर भिजलेला हार्नेस. शेततळ्याच्या वारा येतो त्या बाजूला, जिथे मागे सरकून त्यात पडू, अशा ठिकाणी उतरू नका. चुकून तिकडे जातच असाल तर छातीचा पट्टा आधी सोडून ठेवा.

वाऱ्याची दिशा धूर, देवळावरचा भगवा, वाळत घातलेले कपडे सांगतात. ऐन दुपारी जमिनीलगत थर्मल सुटत असतात, म्हणून शेवटच्या टप्प्यात वेग ठेवा, पाय खाली सोडून उभ्याने उतरा. झाडांच्या रांगेच्या आडोशाला उतरू नका.

टेकलात की ग्लायडर लगेच गोळा करा, नाहीतर सगळ्यांना वाटतं की अपघात झाला. मग रेडिओ किंवा फोनवर चार शब्द: उतरलो, सुखरूप, गाव, जवळचा रस्ता. शेवटच्या ज्ञात जागेनंतर तासभर कोणाचा आवाज नाही, तर शोध सुरू आणि ११२ ला फोन. रुग्णवाहिकेसाठी १०८.

लोक येतातच. मुलं धावत येतात आणि पहिल्यांदा दोऱ्यांवर पाय पडतात. ओरडू नका, त्यांना काम द्या: "तू हे टोक धर रे, तू ते धर." शेताच्या मालकाला आपणहून भेटायचं. "राम राम काका, वाऱ्याने इकडे आणलं, पीक तुडवलं असेल तर सांगा." तुडवलं असेल तर भरपाई तिथेच द्या. आपल्या मागून येणाऱ्या पायलटला त्या गावात पाणी मिळेल की काठी, हे त्या दोन मिनिटांवर ठरतं.

परत

गाडी मिळत नसेल तर चांदवड-लासलगावच्या बाजूला बाजार समितीकडे जाणारी कांद्याची पिकअप भेटतेच. मागे गोण्यांवर बसायला कोणी नाही म्हणत नाही, पण ग्लायडरची पिशवी डिझेलच्या डागापासून जपा. मनमाडला पोचलात तर नाशिकरोडला जाणाऱ्या गाड्या दिवसभर असतात. तिकीट जनरलचं आणि पिशवी मांडीवर.

सगळे भेटल्यावर पिंपळगावजवळच्या ढाब्यावर आम्ही ट्रॅक फोनवर उघडतो. कोण किती लांब गेला याच्याआधी एक प्रश्न असतो: आज कुठे भीती वाटली? प्रत्येकाने एक जागा सांगायची. पुढच्या उड्डाणाची आखणी त्या जागांवरून होते, अंतरावरून नाही. बागाईतदार मित्र खालून दिसलेलं सांगतो, कुठल्या शेतावर आम्ही चढलो, तिथे परवा पाणी सोडणार आहेत.

घरी गेल्यावर ग्लायडर पिशवीत तसाच ठेवू नका. एप्रिलच्या रानातली कुसळं कापडात रुततात आणि दाबून घडी घातली की टाके कुरतडतात. गच्चीवर सावलीत पसरून, हाताने एकेक काढायची. दोघं असले तर पाऊण तास लागतो.